गेंड्याच्या बाजूने झालेला ठराव

२ नोव्हेंबर २००३, रविवार
आज मंडळ स्थापन झाले. शिरूर बॅटल कार्ड मंडळ. सभासद पाच. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. एकमताने म्हणजे कोणी नको म्हणाले नाही. सगळे भेळ खात होते.
खेळ इंग्रजी आहे. सम्राट बँकेत क्लार्क आहे, त्याने पुण्याहून पेटी आणली. पेटी एक, माणसे पाच. माझ्या दुकानात सगळ्या पत्त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि गेल्या सीझनच्या लग्नपत्रिकांवर चिकटवल्या. पुठ्ठा चांगला असतो. चिकटवण्याचे काम मी एकट्याने केले. त्यामुळे कोणत्या प्राण्याच्या पाठीवर कोणाचे लग्न आहे हे फक्त मला माहीत. कोणाला सांगायचे नाही.
नियमांचे पुस्तक इंग्रजीत आहे. सवड मिळाली की वाचीन. तोवर वाद झाला तर हात वर करून मतदान. बहुमत तोच नियम. मांडवगणला ग्रामपंचायतीसाठी दोनदा उभा होतो, दोनदा थोडक्यात पडलो. तो अनुभव इथे कामी येईल.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून सराव.

३ नोव्हेंबर
उठलो नाही. थंडी.

५ नोव्हेंबर
खेळ पूर्ण समजला. पत्त्यावर एक प्राणी आणि दोन आकडे. पहिला मारायचा, दुसरा सोसायचा. मी प्राणी सोडायचा, समोरच्याने आपला आडवा घालायचा. दोघे एकाच वेळी मारतात. सोसायचा आकडा संपला की प्राणी मेला. कोणी आडवे आले नाही तर मार थेट खेळाडूला. खेळाडूला वीस गुण. संपले की हरला.
काही प्राण्यांच्या अंगात कला असते. फर्स्ट स्ट्राइक: हा आधी मारतो, समोरचा मेला तर उलटा मार बसत नाही. पॉयझन: थोडासा मार लागला तरी समोरचा खलास, केवढाही असो. ट्रॅम्पल: आडव्या आलेल्याला तुडवून उरलेला मार त्याच्या मालकाला.
माझा गेंडा. सहा मारतो, सहा सोसतो, ट्रॅम्पल. स्वभाव माझ्यासारखा. सरळ.

९ नोव्हेंबर, रविवार
ऐतिहासिक दिवस.
नवनाथने माझ्या गेंड्यापुढे विंचू आडवा घातला. विंचू एक-एक, पॉयझन. गेंड्याने तुडवला, उरलेले पाच नवनाथला. इथवर ठीक. मग नवनाथ म्हणाला, "आप्पा, तुमचा गेंडाबी गेला. डसला की त्यो." मी विचारले, तुडवलेला विंचू डसेल कसा? सम्राट मध्ये पडला. "दोघांचा मार एकदमच हाय. गेंड्याला फर्स्ट स्ट्राइक असता तर वाचला असता. ट्रॅम्पल म्हंजी फर्स्ट स्ट्राइक न्हवं." पुस्तकी बोलणे. मी मतदान पुकारले.
ठराव क्र. १: ट्रॅम्पलखाली आलेला प्राणी डसू शकत नाही. सूचक मी. बाजूने मी, नवनाथ आणि निमोण्याचा टेम्पोवाला हौशीराम. विरोधात सम्राट. गेणबामामा तटस्थ. मामा रिटायर कंडक्टर. चहा आला का ते पाहत होते.
विंचू नवनाथचाच, तरी त्याने मत मला दिले. असा मित्र मिळायला भाग्य लागते. कंपनीत सुपरवायझर झाला, पण मला विचारल्याशिवाय काही करत नाही.

१० नोव्हेंबर
भाग्यश्रीला ठराव वाचून दाखवला. बायको या नात्याने अभिमान वाटेल असे वाटले होते. म्हणाली, "मेलेल्यानं डसायचं न्हाई, असं बाप्यांनी हात वर करून ठरवलं व्हय? आन् दुकानाचं शटर उघडायचं कुणी ठरवलंय?" तिला सार्वजनिक कामाची गोडी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
हौशीराम चार गेंडे घेऊन आला. माझ्याच मशीनवर काढलेले. विंचू आता कोणी ठेवत नाही. गेंडे सोडायचे आणि बघत बसायचे. मामा म्हणाले, "ह्या खेळात आता डोकं लागत न्हाई, बरं झालं." कौतुकच केले.
चारही डाव हरलो. कारण गेंडे कमी पडले. ठराव क्र. २ मांडला: प्रत्येकी एकच गेंडा, अध्यक्षांना सूट. पुढे ढकलला. सध्या वातावरण अनुकूल नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहायला हात उचलत नाही.
नवनाथने साप सोडला. चार मारतो, पॉयझन. वर एक पत्ता टाकला, त्याने सापाला ट्रॅम्पल मिळाले. साप तुडवतो! मी हत्ती आडवा घातला. हत्ती आठ सोसतो. मी निर्धास्त. माझे तीन गुण उरले होते. नवनाथ शांतपणे म्हणाला, "इषाला एक पुरं हाय. एक हत्तीला, तीन तुम्हास्नी. संपला डाव."
मी म्हणालो, हत्ती आठ सोसतो, आधी आठ द्या, मग माझ्याकडे या. सम्राटने पुस्तक उघडले. मी म्हणालो, मिटा. मंडळात बहुमत मोठे.
मतदान झाले. माझ्या बाजूने मी. बाकी चौघांचे हात वर. हौशीराम वरून म्हणतो, "आप्पा, ट्रॅम्पल वरचढ हाय हे तुमीच ठरवलंय की."
हौशीरामचे सोडा. नवनाथनेही हात वर केला. माझ्याकडे न बघता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नवनाथच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. माफी मागायला येईल म्हणून दुपारी जेवायला गेलो नाही. आला नाही. संध्याकाळी बँक सुटल्यावर सम्राटच्या घरासमोर हौशीरामचा टेम्पो आणि नवनाथची मोटरसायकल दिसली. काही सामान हलवायचे असेल. कष्टाळू माणसे आहेत. मामाही चप्पल काढून आत जाताना दिसले. या वयात ओझे उचलतात.

३० नोव्हेंबर, रविवार
दौंडच्या मंडळाचे आव्हान आले. रेल्वे कॉलनीत मॅच, २१ डिसेंबरला. कॅप्टन अर्थात अध्यक्षच. मनात भाषण तयार केले.
त्याआधीच नवनाथने कागद पुढे केला. अध्यक्षांवर अविश्वास. सूचक नवनाथ, अनुमोदक सम्राट. म्हणाला, "रागावू नका आप्पा. दौंडवाले पुस्तकाप्रमाणं खेळत्यात. तुमी कॅप्टन म्हणून थितं जाऊन ठराव वाचाल. शिरूरची शोभा व्हईल."
मी कागद घेतला. पोच दिली.
सातवीत माझ्या पेपरातले उत्तर पाहून पास झालेला हा माणूस.

१ डिसेंबर
हिशेब साधा आहे. मते पाच. त्यांची दोन. माझे एक. हौशीराम आणि मामा माझ्याकडे आले की खेळ खलास. आकड्यांचे राजकारण मला कळते. दोनदा पडलो तेव्हा फार जवळून पाहिले आहे.
मतदानाची तारीख ६ डिसेंबर ठेवली. त्या दिवशी सम्राट दादरला चैत्यभूमीवर जातो, हे तारीख ठरवताना माझ्या लक्षात नव्हते. नंतर आले. बदलणे नियमात बसत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
कोणी बसायला तयार नाही. मामा दारातूनच म्हणाले, "सम्राट दादरला गेलाय आन् तुमी हात वर करायला लावताय? लाज वाटंल असं करू नका, आप्पा." माझ्यावर असा संशय! सभा १४ तारखेला संध्याकाळी ढकलली. लोकांची नीतिमत्ता घसरली आहे.

१२ डिसेंबर
उपाय सापडला. सहल. सरपंचावर अविश्वास आला की आमच्याकडे सभासदांना गाडीत घालून बाहेर नेतात आणि मतदानालाच परत आणतात. हौशीराम आणि मामांना रविवारी सकाळी राहूला माझ्या मावशीकडे नेतो. भरीत-भाकरी, ऊस, संध्याकाळी थेट सभेत. गाडी हौशीरामचाच टेम्पो. दोघे लगेच तयार झाले. हौशीराम म्हणाला, "आप्पा, तुमी आमची लईच सोय केली." माणूस कृतज्ञ आहे.

१४ डिसेंबर, रविवार
सगळे जसे घडले तसे लिहितो.
मावशीने, म्हणजे कस्तुराबाईने, पोटभर जेवू घातले. दोघांकडून शब्द घेतला. मामा म्हणाले, "तुमचं भरीत खाऊन तुमच्याइरुद्ध कसं जाऊ?" मी निश्चिंत. टेम्पो शिरूरकडे वळायचा तो दौंडकडे वळला.
विचारले. हौशीराम म्हणाला, "मॅच आजच हाय न्हवं. पुढच्या रविवारी त्यांच्या कॅप्टन बाईंची परीक्षा हाय." मला का कळवले नाही? "नवनाथ सांगणार हुता." दौंडला नवनाथ आणि सम्राट मोटरसायकलला टेकून उभे. नवनाथ म्हणाला, "मला वाटलं मामा सांगतील." मामा म्हणाले, "आता सांगतोच हाय की."
म्हणजे मी ज्यांना पळवून आणले, त्यांना वेळेवर मॅचला पोहोचवले.
अध्यक्ष म्हणून पहिला मीच बसलो. त्यांची कॅप्टन करुणा, बी.एड. करते. त्यांचे पत्ते मूळ पेटीतले. पाठी सगळ्या सारख्या! असे कसे खेळायचे? तरी गेंडा सोडला. तिने विंचू आडवा घातला आणि गेंडा उचलून बाजूला ठेवला. मी उभा राहून ठराव क्र. १ वाचला. तिने शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "हा ठराव विंचवाला कळवलाय का, दादा?" हसण्याचा आवाज आमच्या बाजूने जास्त आला.
हरलो.
बाकी चौघे जिंकले. चौघेही. नवनाथने एक प्राणी सोडला, मारतो फक्त एक, पण फर्स्ट स्ट्राइक आणि पॉयझन दोन्ही. तो आधी मारतो आणि एकातच मारतो. समोरच्याने काहीही आडवे घातले तरी मेलेच, उलटा मार शून्य. असे जुळवता येते हे मला कोणी सांगितले नव्हते. पुस्तकात आहे म्हणे.
परतताना विचारले, हे शिकलात कधी? मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुरवारी सम्राटकडं. गुरवारी पुस्तकाप्रमाणं, रविवारी आप्पाप्रमाणं." हौशीरामने उगाच हॉर्न वाजवला.

१५ डिसेंबर
नवनाथ दुकानात आला. म्हणाला, "अविश्वासाचा कागद मागं घेतो. ऱ्हावा तुमीच अध्यक्ष. त्यानं काय अडत न्हाई."
विजय. लिहून ठेवतो: अविश्वास ठराव बारगळला.
जाताना त्याला विचारले, विंचू तुझा होता, मग त्या दिवशी मला मत का दिलेस? त्याने काउंटरवरच्या पत्रिका सारख्या केल्या. मग म्हणाला, "तुमचं पडलेलं त्वांड बघवना, आप्पा."
शत्रूने पाडले असते तर चालले असते. हे लोक दर रविवारी मला सांभाळायला येत होते. आणि पत्रिकांच्या पाठी सगळ्यांनाच पाठ होत्या. तेही आजच कळले.

१८ डिसेंबर, गुरुवार
सम्राटच्या घरावरून मुद्दाम गेलो नाही. दोन वेळा गेलो नाही.
राजीनामा लिहिला. एक पान, एका बाजूला. 'ज्यांना आपले मानले' इथून सुरुवात. वाचला तेव्हा माझेच डोळे भरून आले. रविवारी वाचल्यावर चौघे पाया पडतील. लगेच मान्य करायचे नाही. किमान दोन आठवडे.

२१ डिसेंबर, रविवार
चौघे आले. सतरंजी स्वतःच काढली. चौघांच्या दोन जोड्या बरोबर लागतात. पुस्तक उघडे मध्ये ठेवले. आता रविवारही पुस्तकाप्रमाणे. मी काउंटरमागे उभा. दोनदा खाकरलो. सम्राटने, सर्दी झाली का, म्हणून विचारले. नवनाथ मान वर न करता म्हणाला, "उभं का, आप्पा? ह्यो डाव झाला की जो हरंल त्याच्या जागंवर बसा."
मामांनी गुण मांडायला कागद मागितला. दुकानात रीमभर कोरा कागद आहे. मी खिशातला राजीनामा काढून दिला. उलटा, कोरी बाजू वर करून. मांडता मांडता कोणीतरी उलटून बघेल.
त्यांनी चार नावे लिहून चार रकाने पाडले. डाव रंगला. विंचवाने दोन गेंडे मारले, कोणी वाद घातला नाही. दुपारभर मी त्या कागदाकडे बघत होतो.
पान भरले. मामांनी दुसरे मागितले.