सात हातांचा रिहा

नाहरगुरी, १० मे

चि. जेउती हिस आइताचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र तुझी आई लिहिते आहे. मी सासू बोलते त्यातलं सुनेला सोसेल तेवढंच कागदावर उतरेल. गाळलेल्या शिव्या तुझ्या तू घालून घे.

तुझ्या लग्नात नेसायची मेखला विणून झाली, पेटीत आहे. वरून घ्यायचा रिहा मागावर चढवलाय. अस्सल मुगा रेशीम, लाल फुलं. सात हात हवा, एक हात झाला.

नदी मागापासून सत्तर हातांवर आली आहे. ती रोज दोन हात खाते, मी रोज चार बोटं विणते; चोवीस बोटांचा एक हात. मला अक्षर येत नाही, हिशेब येतो. माझे छत्तीस दिवस उरले, तिचे पस्तीस. एका दिवसासाठी काय घाबरायचं? तुझी आई मात्र लिहिता लिहिता नाक ओढते आहे.

नर्सबाई झालीस म्हणून जेवणं चुकवू नकोस. नवऱ्यामुलाला विचारलंय म्हणून सांग. त्याचे कान मोठे आहेत. ऐकून घेणारा निघेल.

तुझी आइता

(जेउती, त्यांना आता फुलं दिसत नाहीत. बोटांनी धागे मोजून विणतात. पुराच्या बांधावर चला म्हटलं की बहिऱ्या होतात. – आई)

गुवाहाटी, २० मे

ती. आइता व आई यांस जेउतीचा शि. सा. न. वि. वि.

आइता, हात जोडते, घर सोड. माग उचलून बांधावर ने, नाहीतर राहू दे. माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, आजकाल रिहा कोण विणत बसतं? रागावू नकोस. त्यांनी मला बाजारात नेलं आणि रिहा घेऊन दिला. यंत्रावरचा आहे, पण लांबून मुगाच वाटतो. तेव्हा तुझं विणायचं काही अडलेलं नाही. मला रिहा नको, तू हवीस. सुट्टी मागितली, मिळाली नाही.

तुमच्या मायेची,
जेउती

बांध, ४ जून

चि. जेउतीस आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना तुझ्या आईने रिह्याची ओळ गाळली होती. मी तीनदा वाचायला लावलं, तेव्हा कुठे खरं बोलली. दुकानातला रिहा उलटा करून बघ. पाठीमागे फुलाफुलाला धागे कापलेले असतील. लांबून दिसतं तेवढंच त्याचं काम. सासूला हे सांगू नकोस. तुला तिच्याबरोबर जन्म काढायचाय.

माग उचल म्हणालीस. चार वर्षं विणायला शिकवलं, त्याचं हे फळ! जमिनीत रोवलेले खुंट उपटले की ताणा सैल पडतो, आणि मुग्याचा गुंता सोडवायला तुझा आजोबा यायचा नाही.

माझा हिशेब चुकला. नदीला मोजता येत नाही, ती अठराव्या दिवशीच आली. सकाळी सुपारीचं झाड गेलं. तुझी आई ओरडत होती, मी म्हटलं, एवढं फूल होऊ दे. मग पायाखालची माती हलली. सुपारीच्या सुरीने ताणा मीच कापला. आपल्या घरात मागावरचं वस्त्र अर्ध्यावर कुणी कापलं नव्हतं. आम्ही मागे वळलो तोवर चारही खुंट उभेच्या उभे गेले. मागाची फणी त्यातच होती. पेटी काढायला वेळ झाला नाही, म्हणजे तुझी मेखलाही गेली.

आता बांधावर निळ्या ताडपत्रीखाली आहोत. पोस्टमन म्हणतो, नाहरगुरी लिहिलं तर पत्र परत जाईल. नुसतं बांध लिही.

चार हात रिहा उरला आहे. पाठवत नाही. चार हातांत नवरी मावत नाही, तू दुकानातलाच घे. हा मी माझ्या शेवटच्या दिवसासाठी उशाशी ठेवलाय. माझं अंग रोज वाळतंय. काल तुझ्या आईला धरायला लावून अंगाभोवती मापला, अजून अर्धा हात कमी पडतो. थोडी आणखी वाळले की पुरेल.

माया होती तेवढीच ठेव.

तुझी आइता