जयवंताबाईची शेळी आणि माझा मंत्र

तीर्थरूप रुपरावमामांच्या पायाशी लहानूचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोळ्याच्या सुमारास आलं आणि आता तुरीला शेंगा भरल्या, तरी माझं उत्तर गेलं नाही. आळस म्हणू नका, मी रोज बसत होतो. एकदा शाई नव्हती. शाई आणायला बर्डीच्या बाजारात गेलो तर एक माणूस अख्खं कपाट पाठीवर घेऊन चाललेला दिसला. ते जातं कुठं हे पाहायला मागे मागे गेलो (सक्करदऱ्याला गेलं, आरशासकट, काही फुटलं नाही) आणि शाई राहून गेली. मग शाई आली तर बोलायला काही सरळ सापडेना. मामींचा गुडघा थंडीत कसा आहे? मळ्यातली हरवलेली कुऱ्हाड सापडली काय? नसेल तर विहिरीजवळच्या कडब्याच्या गंजीत बघा, मीच ठेवली असेन.

तुम्ही कार्डावर एकच गोष्ट विचारली, की सावनेरच्या बाजारात कोणी म्हणे लहानू नागपुरात फासे खेळतो, ते खरं काय. मामा, खरं आहे. पण तुम्ही समजता तसे ते फासे नाहीत. एक चार तोंडांचा आहे, एक बारा तोंडांचा, आणि एक वीस तोंडांचा, तो तर हातात घेतला की वाटतं डाळिंबाचा दाणाच मोठा झाला. आणि आम्ही काही लावत नाही. पानसुपारीसुद्धा नाही.

ते असं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या प्रेमिलाताईंच्या भावानं अमेरिकेहून एक पेटी आणली. आत फासे आणि एक जाड पुस्तक. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे माझ्या काही कामाचं नाही (माझं इंग्रजी सातवीतल्या घोड्यावरच्या धड्यापाशी थांबलं), पण ताईंनी ते सारं वाचून, त्यातले बर्फ आणि पाईनची झाडं काढून टाकून, सातपुड्यासारखा एक मुलूख उभा केला. टेबलाभोवती आम्ही तिघं बसतो. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं. समोर काय आहे ते ताई सांगतात, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. बस, एवढंच. पण मामा, ताई जेव्हा सांगतात, "समोर दार आहे. दगडी. कडी नाही. आतून कोणीतरी श्वास घेऊन राहिलं," तेव्हा भर दुपारी माझ्या पाठीवर काटा येतो. दिवसभर ट्रंक कॉल जोडून जोडून त्या बाईचा आवाज असा झाला आहे की ती बोलली की माणूस आपोआप उभा राहतो. असा आवाज मी दुसरा ऐकला नाही.

ताराचंद, माझ्यासोबत हिंगण्याच्या कारखान्यात येतो तो, खेळात चोर आहे. किल्ल्याच्या भिंती चढतो. खरा ताराचंद स्टुलावर चढला तर दुसऱ्यानं स्टूल धरावं लागतं. आणि मी मांत्रिक आहे. (हा शब्द लक्षात ठेवा, सारा घोटाळा यातच आहे.)

बैठक एका रविवाराआड माझ्या माडीवरच्या खोलीत असते, कारण ताईंच्या घरी सासरे दुपारी झोपतात. आता तुम्ही म्हणाल, मधल्या दिवसांत काय? तीच तर मजा! ताईंचा नियम आहे की बैठक नसली तरी आपला माणूस जगतच असतो, तेव्हा मधल्या काळात त्यानं काय केलं ते पुढच्या खेपेला सांगायचं. त्यामुळे मी हल्ली कधी रिकामा नसतो. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला टेकून मी नकाशे काढतो. मागच्या सुट्टीला कन्हानला जाऊन नदीकाठी बसलो, फौज उतार कुठून शोधेल ते पाहायला. जाळं टाकून बसलेल्या एका ढीमराला विचारलं तर तो म्हणाला, "फौज कोणाची हाय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्यानं तरी सारे उतार नीट दाखवले, भला माणूस, वर भाजलेली मासोळी दिली. ताराचंद जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचं कुलूप निरखत बसतो, आणि फोरमन ताराचंदाला निरखत बसतो. मामा, मी आजवर किती गावं फिरलो, किती कामं धरली आणि सोडली हे तुम्हाला माहीत आहे. पण वाट पाहण्यात इतकं सुख असतं हे मला पहिल्यांदा कळलं. पूर्वी मला कुठंही गेलं की दुसरीकडे जावंसं वाटे. आता एका खोलीत बसून जाता येतं.

तर ते दगडी दार. ताई म्हणाल्या, मांत्रिकाचा मंत्र पाठ असला तरच चालेल, कागदात पाहून दार उघडत नाही. म्हणून मी एक मंत्र रचला आणि सकाळी गच्चीवर उभा राहून, हात वर करून, घोकू लागलो:

सोड गे सोड, हट्ट हा सोड,
अडलं ते वाहू दे, अडसर मोड!

आता आमच्या मागच्या घरात जयवंताबाई राहतात. त्यांची शेळी व्यायली होती आणि पान्हा सोडत नव्हती. पिल्लू ओरडून राहिलं, जयवंताबाई कास चोळून राहिल्या, आणि वर मी "सोड गे सोड" म्हणून राहिलो. मला खाली शेळी आहे हेही माहीत नव्हतं. मी शेवटचं "मोड" म्हटलं आणि शेळीनं पान्हा सोडला.

संध्याकाळी जयवंताबाई लिंबू आणि नारळ घेऊन जिन्यात उभ्या. नेमका ताराचंद खाली उतरत होता. त्यांनी विचारलं, "वर राहते तो पोरगा काय करते गा?" आणि ताराचंद, जो जन्मात खोटं बोलत नाही, म्हणाला, "तो ना? तो मांत्रिक आहे. मी चोर."

हे भीमाबाईंनी ऐकलं.

भीमाबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. गिरणीत आयुष्य काढलं, दोन मुली शिकवल्या, घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला त्या ऐन उमेदीत होत्या. त्या वर आल्या, लिंबाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दीक्षा घेतली तवा घरातले सारे गंडेदोरे, ताईत ह्या हातानं नेऊन नाल्यात टाकले मी. सासू आठ दिवस बोलली नाही माह्यासंग. आन् आता माह्याच माडीवर मांत्रिक?"

मामा, खोली जायची वेळ आली होती तरी मला त्या बाईचं कौतुकच वाटत होतं. उभ्या कशा होत्या! आमच्या खेळात अशी राणी असती तर किल्ला कधी पडला नसता.

मी म्हटलं, "बाई, खरा मांत्रिक नाही, खेळातला आहे." त्या म्हणाल्या, "कोणता खेळ?" मी फासे दाखवले, दगडी दाराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जुगार!" मी म्हटलं, काही लावत नाही. "मग फासे काहून?" मी म्हटलं, नाटकासारखं असतं. "मग कपडे कुठं हायेत नाटकाचे? पाहणारे कुठं हायेत?" मी म्हटलं, पाहणारे नसतात, आम्हीच आपलं आपण. यावर जयवंताबाई मध्येच म्हणाल्या, "माह्या शेळीनं पाह्यलं नं वं!" तिथे सारं संपलं.

निकाल असा लागला की येत्या रविवारच्या आत माझ्या घरच्या एखाद्या मोठ्या माणसानं भीमाबाईंना सांगावं, की या पोराचा हा धंदा नाही आणि याच्या घरात कोणाचाच नव्हता. नाही तर खोली खाली. खोली गेली तर मी कुठंही पडून राहीन, मला सवय आहे. पण माडी गेली की बैठक गेली, आणि ते दार जन्मभर बंद राहील. आत श्वास कोण घेऊन राहिलं, हे न कळता मला म्हातारं व्हावं लागेल. तुम्हीच सांगा, हे कोणाच्या नशिबी यावं काय?

बाकी सर्व ठीक. थंडी बरी आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
लहानू

ता. क. जयवंताबाईंची शेळी रोज पाट वाहावा तसं दूध देऊन राहिली. मी गच्चीवर जाणं बंद केलं आहे.

ता. क. आणखी एक. आईच्या मागं तुम्हीच मला वाढवलं, म्हणून मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. तेव्हा भीमाबाईंच्या नावानं एक कार्ड तेवढं लिहा, की आपल्या घरात मंत्रतंत्र कधी कोणी केलं नाही. आणि मामा, हात जोडतो, आजोबांचं काही लिहू नका. आजोबा विंचू उतरवायचे आणि खापा-पाटणसावंगीपर्यंतची माणसं त्यांच्याकडे यायची, हे तुम्ही कोणी नवीन भेटलं की पहिल्या पाच वाक्यांत सांगता. या वेळी नको. कार्डावर जागाही नसते. म्हणून तर निकाल लागल्यापासून मी लिहायला भीत होतो, शाईचं निमित्त होतं.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच खाली रिक्षा थांबली. दारात कोणीतरी "लहानू इथंच राहते काय वं?" विचारून राहिलं. मामा, तो आवाज तुमचा आहे. खिडकीतून पाहिलं तर तुम्हीच, डोक्याला फेटा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. माझं उत्तर नाही म्हणून स्वतःच निघालात असाल. भीमाबाईंनी तुम्हाला खुर्ची दिली. मला जिन्यापर्यंतही जाववत नाही. म्हणून ऐकतो आणि लिहितो आहे.

तुम्ही सांगितलंत. तिसऱ्याच वाक्यात सांगितलंत.

भीमाबाईंनी खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. आता विचारत आहेत, "मग तुमच्या बापाच्या मंत्रानं इख उतरे?"

आणि तुम्ही म्हणता आहात, "उतरते कुठचं, बाई! मंत्र-बिंत्र काही नोयता त्याले येत. बैलगाडी जुपे, माणसाले गाडीत टाके आन् खाप्याच्या दवाखान्यात नेये. पण वाट लांब. माणूस ठणक्यानं घाबरून जाये. म्हणून बाबा त्याले गोष्ट सांगे. राजा हाये, किल्ला हाये, दार बंद हाये, आता तू काय करशील बोल. माणूस इचार करत बसे, आन् तवर दवाखाना येये. लोक म्हणत मंत्र टाकते."

मामा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं.

भीमाबाई हसून राहिल्या आहेत. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकतो आहे. कपबश्या वाजल्या. आणि आता जिन्याखालून भीमाबाईंची हाक येते आहे, "ओ मांत्रिक! खाली ये गा, चहा निवून राहिला. आन् त्या दाराच्या आत कोण हाय, ते सांग पह्यले."