शेवटचा उंच सूर

कॅम्डेन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २००४

प्रिय ओडेसा,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस. डेट्रॉइटला थंडी पडली असेल. माझे गुडघे कुरकुरतात. बस चालवणं सुटल्यापासून दिवस संपता संपत नाही. आईच्या कबरीवरचं गवत कापून घेतलं.

एक सांगायचं होतं. तसं विशेष काही नाही. इथल्या कॉलेजच्या रेडिओवर प्रुइट नावाच्या बाई विसरलेल्या रेकॉर्डी वाजवतात. त्यांना जुन्या बाजारात आम्हा चौघा पोरांची सत्तावन सालची रेकॉर्ड सापडली. तीन आठवडे गाजून मेलेलं गाणं ते, कोण विचारतंय त्याला? पण त्यांनी बोलावलं, मी गेलो. गाणं लावून म्हणाल्या, "मिस्टर गेन्स, तो शेवटचा उंच सूर ऐकून काटा येतो हो अंगावर. पंधराव्या वर्षी कसा लावलात?"

"देवाची कृपा," मी म्हणालो. सत्तेचाळीस वर्षं हेच म्हणतोय. जीभ आपोआप वळते.

घरी आलो आणि ती सकाळ आठवत बसलो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच माझा आवाज फुटला होता, वरचा सूर लागेना. तू आम्हा चौघांसाठी सँडविच घेऊन आली होतीस. डोक्याचा रुमालही न सोडता माझ्या जागी उभी राहिलीस आणि एका दमात गायलीस. कंपनीचा माणूस म्हणाला, "फोटोत चार पोरं आहेत, चारच राहतील." मी गप्प बसलो.

मग टीव्हीवरचा तो नाचाचा कार्यक्रम. रेकॉर्ड वाजवायची आणि गाणाऱ्यांनी नुसते ओठ हलवायचे, अशी रीतच होती तेव्हा. तुझ्या आवाजावर मी ओठ हलवले. पोरी किंचाळल्या. घरी आलो तर तू इस्त्री करत होतीस. "छान हललं हो तुझं तोंड," एवढंच म्हणालीस. त्यानंतर चर्चमध्येसुद्धा गायली नाहीस. पोरीला झालं तरी काय, असं आई मरेपर्यंत विचारत होती. मला माहीत होतं, तरी मी तिलाही सांगितलं नाही. लाज वाटते गं.

काल परत रेडिओवर गेलो. म्हटलं, तो आवाज माझा नाही, माझ्या थोरल्या बहिणीचा आहे, ओडेसा गेन्सचा.  प्रुइटबाई म्हणाल्या, "अजून गातात का त्या?"

मी म्हटलं, आधी गाणं लावा.

सोबत कालच्या कार्यक्रमाची कॅसेट आहे. आधी माझी कबुली, मग तुझं नाव, मग गाणं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. वाटलं तर ऐक, नाहीतर राहू दे.

गाणं लागलं तेव्हा जुन्या सवयीने माझे ओठ हलायला लागले. मी ते हाताने दाबून धरले.

या खेपेला तोंड मिटून तुला ऐकणारा,
तुझा धाकटा
वेन्डेल