फावडं न लावलेला वाफा

६ डिसेंबर १९९८
वाफा फुकटात झाला, असं सगळ्यांना सांगितलं. खरा हिशेब असा — धानाचं तणीस, म्हणजे वाळला पेंढा, एक बैलबंडी, त्याबदल्यात शेजारच्या मुखरूची मोटर दुरुस्त केली. शेणखत तीन टोपली, त्याच मोटरीत जमा. पुठ्ठे घरचे. त्यातला एक माझ्या बायकोच्या, खुर्शीदाच्या शिलाई मशीनच्या खोक्याचा. बावीस वर्षं माळ्यावर जपला होता तिने. ओला करून जमिनीवर अंथरला, वर खत, वर तणीस. अक्षरं झाकली गेल्यावर बराच वेळ तिथेच बसलो.
तिला जाऊन चौदा महिने. तिच्यामागे घरामागच्या सांदवाडीची जमीन दगड झाली. आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतो, फावडं हातात धरायचं नाही.

९ डिसेंबर
वांग्याची रोपं लावली, मेथी पेरली. शेजारचा मुखरू कुंपणावरून हसून राह्यला — ‘जलालभाऊ, खनल्याबिगर वांगे? मंग चुलीबिगर भात बी शिजवून दाखवा!’
म्हटलं, आलापल्लीच्या जंगलात कोण खणायला जातं? पाला पडतो, कुजतो, त्यावर साग उभा राहतो.  तो गेला नाही, दुपारभर बसला. बरं वाटलं.

१३ डिसेंबर, रविवार
लेकीचा, तहसीनचा फोन. सासरचा बिघडलाय म्हणून नागपूरच्या कुठल्याशा बूथवरून करते. ‘अब्बा, सब खैरियत है.’ ईदला येशील का विचारलं. पाहते म्हणाली. मेथी पेरली हे सांगितलं तर म्हणाली, अम्मीच्या जागेवर?
मुखरू समोरच होता. त्याला म्हटलं — राइस मिलमध्ये हमाल म्हणून शिरलो, नुसत्या आवाजावरून बिघडलेलं बेअरिंग ओळखायला शिकलो, त्यावर स्वतःचं वर्कशॉप काढलं. या कानापासून काही लपत नाही. पोरगी सुखात आहे की नाही, तिच्या ‘हॅलो’वरून सांगतो.
सुखात आहे.

२७ डिसेंबर
वाफा हिरवागार! चष्मा लावून पाहिलं — धान. तणीस झटकलंच नव्हतं. जास्त मिळतं म्हणून खळ्याच्या तळाचं उचललं होतं, त्यात दाणे. तीस वर्षं दाणा आणि भुसा वेगळा करणाऱ्या मशिनींवर पोट भरलं, आणि घरी हे! मुखरू येणाऱ्याजाणाऱ्याले बोलावून दाखवून राह्यला. मग आपणच खाली बसून उपटू लागला. दोघांनी सकाळ घालवली. रोजा होता, तरी तहान लागली नाही.

५ जानेवारी १९९९
इफ्तारीला तीन खजूर काढले. सवयीने खुर्शीदाचाही एक निघाला होता, तो परत ठेवला.

१७ जानेवारी, रविवार
तहसीन ईदला येत नाही. अरीबाची शाळा आहे म्हणे. नातीला ईदची सुटी नाही? विचारलं नाही. मागे एसटी स्टँडचा गलका होता, नीट ऐकू येत नव्हतं. ‘मेथी सुखाके रखो अब्बा,’ म्हणाली.
नाही सुकवणार.

२० जानेवारी
ईद. नमाजहून आलो, कुलूप काढलं. शिरखुर्मा केला, दूध खाली लागलं. मुखरूने तसाच दोन वाट्या खाल्ला. मी वाफ्याकडे पाहत होतो. म्हणाला, ‘भाऊ, मेथी जून होऊन राह्यली. पोरीनं येवाचं का बापानं जावाचं, हे कोन मोजते?’

२२ जानेवारी
सकाळी मेथी उपटली, ओल्या फडक्यात बांधून नागपूरला नेली. दार जावयाच्या आईने उघडलं. म्हणाली, तुम्हाला सांगितलं नाही?
तहसीन पाच महिन्यांपासून तिथे राहत नाही. अरीबाला घेऊन चंद्रपूरला खोली केली आहे. आमच्या मूल गावाहून एसटीने सव्वा तास. म्हणजे रविवारचे सगळे फोन तिथून होते.