नावाचा रकाना रिकामा

६ जुलै, सोमवार. होबार्ट
आज नव्या नोकरीवर हजर झाले. बंदराजवळच्या जुन्या जॅमच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर ऑफिस, इथं ऐन जुलैत हिवाळा म्हणून हीटर चालू, खिडकीतून बोटी दिसतात. आणखी काय हवं? नवीन माणसानं केक आणायचा अशी इथली रीत. मी लिंबाचा नेला, दहाच्या चहाला फस्त झाला. साहेब डेस, साठीचा, जिभेला हाड नाही. शेजारच्या टेबलावरच्या टॅम्सिननं मला कुडकुडताना पाहून स्वतःची शाल दिली. काम सरळ आहे: वाचनालयांच्या सभासदांची जुनी एक्सएमएल फाईल, म्हणजे टॅगच्या खुणांमध्ये लिहिलेली यादी, प्रोग्रॅमनं वाचायची आणि प्रत्येक सभासदाचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे नाव-वय-पत्त्याची नोंद, तयार करायचा. दोन दिवसांत देते, असं मी डेसला सांगून टाकलं. संध्याकाळी लेकीला, पिपाला, शाळेतून घेतलं, दोघींनी इथले स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेल्या गरम पेस्ट्र्या, खाल्ल्या.

७ जुलै
दोन दिवस कसले! वय येतं, पत्ता येतो, नावाचा रकाना मात्र रिकामा. तक्रार नाही, इशारा नाही. एरर आली की गुपचूप गिळायची आणि पुढे जायचं, असं माझ्या आधीच्या शहाण्यानं लिहून ठेवलंय. समोर असता तर चार शब्द सुनावले असते. डेस म्हणाला, एवढ्या मोठ्या फाईलीवर काय डोकं फोडतेस बाई, आपल्या माणसांची नावं घालून छोटी फाईल कर, इथं सगळे तेच करतात. दोघींची केली: टॅम्सिन, आणि माझी पिपा, वय सात. पिपाचं नाव नीट आलं. टॅम्सिनचं रिकामं. टॅम्सिन म्हणाली, म्हणजे उद्यापासून मी कामावर आले नाही तरी चालेल ना? खूप हसलो.

८ जुलै
टॅम्सिन आली नाही. डेसला विचारलं, तर म्हणाला, कोण टॅम्सिन? तिच्या टेबलावर प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे आहेत, त्यांच्यावर धूळ. मी म्हटलं, नवीन आहे म्हणून माझी फिरकी घेतोस का? तो म्हणाला, फिरकी घेण्याइतका पगार मला देत नाहीत. शाल अजून माझ्या खांद्यावर आहे.
दिवसभर टॅग तपासले, नोंदीचा साचा म्हणजे क्लास तपासला, पुन्हा लिहिला. नाव रिकामंच. वैताग आलाय नुसता.

९ जुलै
आधी पिपाला फाईलीतून काढायचं ठरवलं, उगाच जोखीम नको. तिची ओळ पुसली, फाईल जतन केली, प्रोग्रॅम चालवला. माणूस एक, तर ऑब्जेक्ट एकच यायला हवा. दोन आले. दुसऱ्याचं वय सात. नाव रिकामं.
शाळेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी पटावर नाही. आईला डेव्हनपोर्टला फोन केला. ती हसून म्हणाली, अगं, तुला मुलगी कधी झाली, आणि मला कळवलंसुद्धा नाहीस?
पिपाच्या खोलीत सायकल आणि इस्त्रीचं टेबल. मीच पुसली तिला. माझ्या हातानं.

१० जुलै
ओळ परत घातली. रिकामं. जुनी प्रत आणली. रिकामं. पन्नास वेळा तरी चालवलं. डेस म्हणतो, चेहरा बघ जरा आरशात, घरी जा. घरी कुणाकडे जाऊ?
एरर गिळणारा तो तुकडा उडवला. आता प्रोग्रॅम प्रत्येक रिकाम्या नावापाशी थांबतो. पिपाच्या ओळीपाशी पडद्यावर एकच वाक्य: ओळ दुसरी, अशी व्यक्ती नाही.
अशी व्यक्ती आहे. माझ्या पोटची आहे —

११ जुलै
शनिवार. ऑफिसात मी एकटीच.
तिचा चेहरा आठवायला आता वेळ लागतो. म्हणून इथं लिहून ठेवते — पुढचा दात पडलाय — डाव्या कानामागे तीळ —
एक्सएमएलमध्ये एका माणसाच्या आत दुसरं माणूस लिहिता येतं. आईच्या आत मूल. बाहेर माझा टॅग, नाव हेदर. आत तिचा, नाव पिपा. कुणाच्या तरी आत असली तर — नाहीतर निदान दोघी एकाच जागी —
चालवते.

आलं. नाव: पिपा. वय: सात. आलं, नाव आलं —
जिन्यात तिचे बूट वाजतायत. जिन्यातल्या कुणाला तरी विचारतेय, इथं माझी आई काम करते का —
वरची ओळ अजून वाचली नव्हती. आई: वय एकोणचाळीस. नाव