स्टुलाचा पाय

१४ तारीख, शनिवार

दादा,

नमस्कार. आम्ही ठीक. आईचा गुडघा बरा आहे, चष्मा मात्र रोज हरवतो. वहिनीची तब्येत कळव. झाली विचारपूस. आता मुद्द्यावर येते, कारण माझं डोकं फिरलंय.

तुझी पुस्तिका आमच्या रंगकारखान्यात पोचली. रंगाचं पाणी खडी आणि लव्हाळ्याच्या टाक्यांतून गाळून पुन्हा वापरायचं, ही म्हणे तुमच्या शहराची पद्धत. शहरं एकमेकांना नव्या युक्त्या कळवतात त्या मंडळात तू मांडलीस आणि अकरा शहरांनी उचलली. साहेबांनी ती मलाच वाचायला दिली, लोक कुठे पोचलेत बघ म्हणाले. सहा वर्षं त्या लव्हाळ्यात कोपरापर्यंत हात घालतेय ती मी! माझीच भाजी मला वाढली आणि वर कृती समजावली. तेही गिळलं. माझ्या तोंडून ती गल्लीबाहेर गेली नसती, एवढं मला कळतं.

पण पान सात उघड. दुसऱ्या टाकीच्या उजव्या कोपऱ्याखाली ठोकळा. 'गोल, कठीण लाकूड, उंची सव्वातीन इंच.' अरे, तो आमच्या मोडक्या स्टुलाचा पाय आहे. आमची फरशी उजवीकडे उतरती, म्हणून मी तो खाली सरकवला. सपाट जमिनीवर लावला तर टाकी डावीकडे कलते, पाणी एकाच कडेने पळतं आणि रंग तसाच्या तसा बाहेर. तुमच्या टाकीतलं उजवीकडचं लव्हाळं जाऊन बघ, सुकलं असेल. अकरा शहरांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की हा इथे कशाला? सुताराकडून मापाने करून घेतले असतील.

आता आमच्या नव्या शेडमध्ये, सपाट फरशीवर, तशीच टाकी बसलीय. ठोकळ्यासकट. मी नको म्हटलं तर साहेब म्हणतात, "अकरा शहरं चुकली आणि तू एकटी शहाणी?" पुढच्या बुधवारी पाणी सोडणार. वापरून उरलेलं ज्या कालव्यात जातं, तिथून खालची वस्ती पाणी भरते.

म्हणून तू पत्र लिही. पालिकेच्या कागदावर, तुझ्या सहीने. फोन नको, साहेबांपुढे ठेवायला कागद लागतो. अकरा जणांनाही पाठव.

आणखी एक आहे. इतका वेळ तेच टाळत होते.

तू आमच्या टाक्या बघायला आलास तेव्हा सगळं साहेबांना विचारलंस. मला फक्त मोजपट्टी धरायला सांगितलीस. ठोकळा मोजलास, तेव्हा तिचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. सव्वातीन मीच वाचून सांगितलं. कशासाठी आहे ते नाही सांगितलं. फार राग आला होता. म्हटलं, मोठा इंजिनियर ना, आपटू दे तोंडावर. तू आपटशील एवढंच डोक्यात होतं. खालची वस्ती नव्हती. दोन वर्षं हे आईलाही बोलले नाही.

तेव्हा पत्रात सरळ लिही, चूक बहिणीची. आणि पद्धतही तिचीच, हेही लिही. दोन्ही एकाच वाक्यात आलं तरी चालेल.

मोजपट्टी धरून गप्प उभी राहिलेली,
तुझी धाकटी