काशी कुठल्या नदीकाठी

शहापूर, शुक्रवार, १२ ऑगस्ट १९३८

आज मामंजींवर सूड उगवला. 

सासरी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चौथीचं भूगोलाचं पुस्तक होतं. मामंजींनी ते न्हाणीच्या चुलीत घातलं. म्हणाले, "लुगडी विणणाऱ्या घरात बाईला नद्या-डोंगर कशाला पाहिजेत?" जगातलं सगळं त्यांना एकट्यालाच ठाऊक! मागावरच्या विणकरांचं काहीही अडलं की ते त्यांनाच विचारायचे.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना साध्या साध्या गोष्टी आठवत नाहीत. आज एका विणकराची आई काशीला निघाली, त्यावरून बाहेर बोलणं चाललं होतं. मामंजी हळूच स्वयंपाकघरात आले. "सूनबाई, काशी कुठल्या नदीकाठी गं?"

गंगा! चौथीतलं पोरही सांगेल. पुस्तक जळलं, पण त्यातलं एक अक्षर मी विसरले नाही.

"कृष्णेच्या," मी म्हणाले.

त्यांनी बाहेर जाऊन ठसक्यात तेच सांगितलं. सगळे मोठ्यानं हसले. मी दाराआडून ऐकलं. लई बरं वाटलं. का वाटू नये?

मामंजी परत आत आले. वाटलं, आता ओरडतील. पण ते माझ्याजवळ पाटावर टेकले. "हसू देत त्यास्नी. तू शिकलेली हायस. तू खोटं कशाला सांगशील?"

वीस वर्षांत पहिल्यांदा मला शिकलेली म्हणाले.

जेवताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. आता गंगा म्हणाले, तर शिकलेली सून खोटी ठरली असती. मी पुन्हा कृष्णाच सांगितली.